पाणी, वीज आणि बाबासाहेब



आपल्या विहाराचा वर्धापनदिन आला की स्मरणिका निघते, आणि स्मरणिका निघाली की परमपूज्य बाबासाहेबांवर एक लेख असतोच. आजवर महाडचा सत्याग्रह झाला, काळाराम मंदिर झाले, गोलमेज परिषद झाली, राज्यघटना झाली, नागपूरची धम्मदीक्षा तर दर वर्षी होते. व्हायलाच पाहिजे. पण यंदा हे काम आमच्यावर आले तेव्हा आम्ही ठरवले की, बाबासाहेबांच्या आयुष्यातली ती चार वर्षे घ्यायची, जी आपल्या भाषणांत दोन वाक्यांत उरकली जातात. १९४२ ते १९४६. या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, एवढे आपल्याला पाठ असते. पण त्या मजूर खात्याच्या पोटातच देशाची वीज आणि पाटबंधारे ही दोन्ही कामे होती, हे किती जणांना ठाऊक आहे? आम्हालाही उशिराच कळले, उगाच मोठेपणा कशाला घ्यायचा!

कळायला निमित्त झाली एक सहल. गेल्या हिवाळ्यात वस्तीतली पंचवीस-तीस मंडळी, त्यात निम्मी शाळकरी पोरे, घाटघरचा वीज प्रकल्प पाहायला गेलो होतो. रात्री पाणी खालून वर चढवायचे आणि गरज पडली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची, असा तो प्रकल्प. आमच्याबरोबर वीज खात्यातून निवृत्त झालेले एक काका होते. धरणावर उभे राहून ते सहज म्हणून गेले की, या सगळ्याच्या मुळाशी जाल तर आपले बाबासाहेब भेटतील. पोरे हसली. मोठी माणसेही हसली. काकांचा स्वभाव गमतीचा, म्हणून आम्हीही ते मनावर घेतले नाही. घरी आल्यावर मात्र पुस्तके काढली, एकमेकांना विचारले, आणि मग लक्षात आले की काका गंमत करत नव्हते.

तर आधी बाबासाहेबांचे सांगतो, सहलीचे नंतर.

बाबासाहेबांच्या चरित्रात पाणी अगदी पहिल्या पानापासून आहे. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्म. वडील सुभेदार रामजी लष्करातून निवृत्त झाल्यावर कुटुंब साताऱ्याला आले. तिथल्या शाळेत तहान लागली तर नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच प्यायचे, शिपाई नसला तर घोटभरसुद्धा नाही. १९०१ साली उन्हाळ्याच्या सुट्टीत भावंडांसह वडिलांना भेटायला निघाले, मसूर स्टेशनवर उतरले, बैलगाडी केली, आणि त्या रात्री डबाभर जेवण जवळ असून पाण्यावाचून उपाशी झोपले. दहा वर्षांचे पोर! ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे, म्हणून फार लांबवत नाही.

पुढे मुंबईत परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत त्यांचा संसार होता. आजूबाजूला सगळ्या गिरण्या. बाबासाहेब अमेरिकेत शिकत होते तेव्हा, १९१५ साली, खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. लोणावळ्याकडच्या तलावांचे पाणी सह्याद्रीवरून खाली सोडायचे आणि त्या जोरावर केलेली वीज मुंबईच्या गिरण्यांना द्यायची. ज्या गिरण्यांत आपल्या समाजाचे हजारो लोक घाम गाळत होते, त्यांची चाके डोंगरातल्या पाण्यावर फिरू लागली. चाके फिरली, पण विणकाम खात्याचे दार आपल्या माणसाला बंदच राहिले. धोट्यात सूत भरताना ते तोंडाने ओढावे लागे, आणि अस्पृश्याची थुंकी लागलेले सूत इतरांना चालत नसे, हे त्याचे कारण. त्या खात्यात मजुरी मात्र जास्त. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर रोखठोक ठेवला. वीज आली म्हणजे आपोआप सगळ्यांचे भले झाले, असे समजण्याइतके ते भोळे नव्हते. हे आम्ही मुद्दाम इथेच सांगून ठेवतो.

मग विजेच्या मागे ते का लागले? याचे उत्तर १९१८ साली लिहिलेल्या एका निबंधात आहे. तेव्हा ते सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापक होऊ घातले होते. हिंदुस्थानातल्या शेतीचे लहान लहान तुकडे आणि त्यावरचे उपाय, हा निबंधाचा विषय. त्या काळचे बहुतेक विद्वान म्हणत की तुकडे जोडा म्हणजे शेती सुधारेल. बाबासाहेबांचे म्हणणे वेगळे होते. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्यावर बैल, अवजारे, भांडवल किती यावर ठरते. आणि खरे दुखणे असे की, एवढ्याशा जमिनीवर गरजेपेक्षा कितीतरी जास्त माणसे अडकून पडली आहेत. त्यांना दुसरे काम नाही. ते काम कारखान्यांतून निर्माण करा, म्हणजे जमिनीवरचा भार हलका होईल आणि शेतीही सुधारेल. सत्तावीस वर्षांच्या तरुणाने हे लिहिले. आपल्या मुक्ताईनगर-रावेर पट्ट्यात केळीच्या बागा बघा. बाग मालकाची, घड वाहणारी पाठ कोणाची? ज्यांच्या नावावर सातबाराच नाही त्यांच्यासाठी तो निबंध आजही शिळा झालेला नाही.

कारखाने हवेत तर वीज हवी, स्वस्त हवी आणि भरपूर हवी. हा विचार पक्का होता. फक्त तो अमलात आणायची खुर्ची मिळायला चोवीस वर्षे जावी लागली.

मधल्या काळाचे सगळे इथे सांगत बसत नाही. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी, आणि त्या तळ्यावरचा आपला हक्क मान्य करणारा हायकोर्टाचा निकाल थेट मार्च १९३७ मध्ये, दहा वर्षांनी. पण आपल्या खानदेशातली एक घटना सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीवर बाबासाहेब होते. त्या कामाने ते धुळ्याच्या बाजूला आले होते. परतताना, २३ ऑक्टोबर १९२९ रोजी, चाळीसगावच्या आपल्या लोकांनी त्यांना मुक्कामाला ठेवून घेतले. स्टेशनपासून वस्ती दूर म्हणून टांगा बघितला, तर टांगेवाले गाडी भाड्याने द्यायला तयार, पण अस्पृश्याला बसवून स्वतः हाकायला तयार नाहीत. शेवटी वस्तीतलाच एक जण लगाम धरून बसला. बिचाऱ्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या मोरीवर चाक दगडात अडकले, बाबासाहेब खाली फेकले गेले, घोडा आणि गाडी नदीत. त्यांच्या पायाचे हाड मोडले. बॅरिस्टर, दोन-दोन विद्यापीठांचे डॉक्टर, कायदेमंडळाचे सभासद! पण टांगेवाल्याच्या लेखी काय? भुसावळहून मुंबईच्या गाडीने जाताना चाळीसगाव येते तेव्हा आमच्यातल्या म्हाताऱ्या माणसांना हे आठवल्याशिवाय राहत नाही. धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावरही त्यांचा मुक्काम झाला होता, त्या आठवणीने दर ३१ जुलैला तिथे आपली मंडळी जमतात, हे आपल्याला माहीत आहेच.

१९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि जुलै १९४२ मध्ये ते कार्यकारी मंडळात गेले. महायुद्ध ऐन भरात होते. मजूर खाते म्हणजे कामगारांचे तास, पगार, खाणी, सरकारी बांधकामे, आणि त्याच्या जोडीला वीज आणि पाटबंधारे. आठ तासांचा दिवस, कामगार, मालक आणि सरकार यांना एका टेबलाला बसवणारी परिषद, खाण कामगारांसाठी कल्याण निधी, ही सगळी त्या काळातली कामे. डिसेंबर १९४३ मध्ये ते कोळशाच्या खाणी पाहायला धनबादकडे गेले, नुसते साहेबांच्या कचेरीत न बसता खाली खाणीत उतरले, मजुरांच्या खोल्या पाहिल्या. इथे एक गोष्ट लपवायची नाही. स्त्रियांना जमिनीखाली कामाला लावण्यावरची बंदी त्याच वर्षी युद्धाच्या कोळशासाठी उठवली गेली होती, आणि त्या निर्णयाची बाजू सभागृहात मांडायचे काम खात्याचे मंत्री म्हणून बाबासाहेबांवर आले. १९४६ च्या सुरुवातीला ती बंदी पुन्हा लागू झाली. सत्तेच्या खुर्चीत बसले की असले कडू घोटही गिळावे लागतात.

त्याच १९४३ च्या जुलैत दामोदर नदीला पूर आला. ही नदी छोटा नागपूरच्या पठारावर उगम पावते, कोळशाच्या मुलखातून वाहत बंगालमध्ये जाते आणि हुगळीला मिळते. बंगालची दुःखाची नदी म्हणूनच ती ओळखली जायची. बर्दवानजवळ बांध फुटला, रेल्वे आणि रस्ते वाहून गेले, कलकत्त्याचा उत्तरेकडचा मार्ग कित्येक आठवडे तुटला. युद्ध चालू, वर बंगालात भयंकर दुष्काळ, आणि त्यात हे. आजवरच्या रिवाजाप्रमाणे बांध पुन्हा उंच केला असता आणि प्रकरण मिटवले असते. पुराच्या चौकशीसाठी बंगाल सरकारने समिती नेमली, तीत थोर शास्त्रज्ञ मेघनाद साहा होते. अमेरिकेत १९३३ साली टेनेसी नदीच्या खोऱ्यासाठी एक स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले होते, तसे दामोदरसाठी करावे असे समितीने सुचवले. ही सूचना केंद्रात उचलून धरणारे खाते बाबासाहेबांचे.

३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात बंगाल, बिहार आणि केंद्र सरकार यांची बैठक झाली, अध्यक्षस्थानी बाबासाहेब. ऑगस्टमध्ये पुन्हा. धरणे व्हायची ती बिहारच्या डोंगराळ मुलखात, जमीन बुडायची तिकडची, आणि पुरापासून बचाव व्हायचा खाली बंगालचा. मग बिहारने का ऐकावे? या दोघांना एका मांडवाखाली आणणे हे खरे काम होते. बाबासाहेबांचे धोरण असे की, पूर अडवण्यापुरते धरण बांधायचेच नाही. एकाच नदीच्या सगळ्या खोऱ्याचा एकत्र विचार करायचा. तेच पाणी पूर रोखील, शेताला जाईल, वीज करील, नावांनाही वाट देईल. आणि ज्या प्रांतात धरण आहे त्यालाही त्यातून काही मिळाले पाहिजे. आपली तापी बघा ना. मुलताईला उगम, बऱ्हाणपूरहून आपल्याकडे, चांगदेवजवळ पूर्णा तिला मिळते, मग हतनूर, पुढे उकाई आणि सुरत. तीन राज्यांची नदी. वर दरवाजे उघडले की खाली पाणी. नदीला सीमारेषा दिसत नाही, ती कागदावर असते.

नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकला ओरिसाच्या नद्यांसाठी अशीच परिषद झाली. तिथे बाबासाहेबांनी जे मांडले त्याचा भावार्थ असा, की जास्त पाणी हा शाप समजून ते समुद्राकडे हाकलण्याची घाई करू नका. पाणी जास्त झाल्यापेक्षा पाणी नसल्यानेच माणसे जास्त भोगतात. ते धरून ठेवा, साठवा. ज्या माणसाला लहानपणी पाण्यावाचून रात्र काढावी लागली, त्याच्या तोंडी हे आले यात आम्हाला नवल वाटले नाही. मार्च १९४६ मध्ये महानदीवर हिराकुडची पायाभरणी झाली.

नुसत्या परिषदा घेऊन काम भागत नाही हे त्यांना पक्के माहीत होते. ऑक्टोबर १९४३ मध्येच वीज धोरणाच्या समितीपुढे त्यांनी प्रश्न मांडले होते. वीज सरकारी असावी की खासगी, स्वस्त कशी होईल, देशभर कशी पोचेल. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ स्थापन झाले, एप्रिल १९४५ मध्ये जलमार्ग, पाटबंधारे आणि नौकानयनासाठी केंद्रीय आयोग. आजचे केंद्रीय विद्युत प्राधिकरण आणि केंद्रीय जल आयोग यांची ही मुळे. टेनेसीचे अनुभवी अभियंता वुर्डुइन यांना इकडे आणले गेले आणि त्यांनी ऑगस्ट १९४५ मध्ये दामोदरचा आराखडा दिला, एकंदर आठ धरणांचा. हे सगळे करताना देशाजवळ होते काय? १९४७ साली स्वातंत्र्य मिळाले तेव्हा अख्ख्या भारताची वीजनिर्मितीची क्षमता होती १३६२ मेगावॉट. आज आपल्या शेजारच्या दीपनगरलाच ५००-५०० मेगावॉटचे संच फिरतात!

१९४६ च्या मध्याला ते मंडळ बरखास्त झाले आणि ते खाते सुटले. पुढचे आपल्याला माहीत आहे, कायदामंत्री, राज्यघटना, हिंदू कोड बिल. पण घटनेतही पाण्याचा धागा तुटलेला नाही. आंतरराज्य नद्यांचे नियमन केंद्राच्या यादीत आहे आणि नदीच्या भांडणांसाठी २६२ वे कलम आहे. दामोदर खोरे महामंडळाचे विधेयक १९४८ साली मांडले ते आपल्या काकासाहेब गाडगिळांनी, कारण तेव्हा ते खाते त्यांच्याकडे होते. ७ जुलै १९४८ ला महामंडळ सुरू झाले. तिलैया १९५३, कोनार १९५५, मैथन १९५७, पंचेत १९५९. आराखड्यातल्या आठांपैकी महामंडळाने ही चारच बांधली.

यातल्या पंचेत धरणापाशी आम्ही वाचता वाचता थांबलो. त्याचे उद्घाटन झाले त्या दिवशीची तारीख होती ६ डिसेंबर १९५९. महापरिनिर्वाणाला बरोबर तीन वर्षे. पंडित नेहरू आले होते आणि त्यांनी बटण दाबले नाही, धरणावर काम केलेल्या एका पंधरा-सोळा वर्षांच्या संथाळ मजूर मुलीकडून ते दाबून घेतले. किती छान गोष्ट, असे आपल्याला वाटते. पण त्याच समारंभात तिने नेहरूंना हार घातला होता. हार घातला म्हणजे लग्न झाले, आणि तेही जमातीबाहेरच्या माणसाशी, असे ठरवून तिच्याच गावाने तिला वाळीत टाकले. पुढे कामही गेले. वीज सुरू करणाऱ्या हातावरच बहिष्कार. बाबासाहेब हयात असते तर त्यांना हे नवीन वाटले नसते.

आणि आता काकांच्या बोलण्याकडे येतो. याच पंचेत धरणावर पुढे १९९०-९१ च्या सुमारास ४० मेगावॉटचे दुसरे यंत्र बसले ते उलटसुलट फिरणारे. सुलटे फिरले की वीज करते, उलटे फिरले की पंप होऊन खालचे पाणी वर चढवते. यालाच उदंचन म्हणतात. बाबासाहेबांनी उदंचनाची योजना केली होती असे आम्ही मुळीच म्हणत नाही, नसलेले श्रेय द्यायची बाबासाहेबांना गरज नाही. पण ज्या टेनेसी खोऱ्याचा नमुना त्यांच्या खात्याने समोर ठेवला, त्याच खोऱ्यात हायवासी धरणावर १९५६ साली असे मोठे उलटसुलट यंत्र बसले, आणि दामोदरवरही पुढे तसेच आले. पाणी एकदा वापरून सोडून द्यायचे नाही, धरून ठेवायचे, पुन्हा कामाला लावायचे, हा विचार एकाच कुळातला आहे. दुर्दैव असे की पंचेतला खालच्या अंगाला पाणी अडवणारा बांध झाला नाही. खाली पाणी थांबतच नाही तर चढवणार काय? म्हणून ते यंत्र पंपाचे काम करू शकले नाही. आराखडा अर्धा ठेवला की असे होते.

उदंचन म्हणजे काय हे पोरांना समजावताना काकांनी विहाराच्या गच्चीवरच्या टाकीचे उदाहरण दिले होते. आपल्याकडे लाईट केव्हा येईल, केव्हा जाईल याचा नेम नाही. म्हणून लाईट असली की मोटार लावून टाकी भरून ठेवतो आणि गेली की टाकीचे पाणी आपसूक खाली येते. बस, तेवढेच. फक्त तिथे टाकी म्हणजे डोंगरावरचा तलाव, आणि खाली येणारे पाणी चक्र फिरवून वीज करते. दीपनगरसारखे कोळशाचे केंद्र चुलीसारखे पटकन पेटवता-विझवता येत नाही. मध्यरात्री सगळे झोपतात, विजेची मागणी उतरते, तरी ते चालूच ठेवावे लागते. ती जास्तीची वीज साठवायची कुठे? डोंगरावर, पाण्याच्या रूपाने. आता सौर वीज वाढल्यामुळे दुपारीही वीज उरते, तेव्हाही पाणी चढवता येते. चार युनिट घालावीत तेव्हा सुमारे तीन परत मिळतात. एक युनिट वाया गेले ना, असे एका पोराने विचारले. काका म्हणाले, जेवायला बसल्यावर लाईट असणे याची किंमत तेवढी असते.

घाटघरला आम्ही भुसावळहून रेल्वेने इगतपुरीपर्यंत आणि तिथून घोटी, भंडारदऱ्यावरून गाड्यांनी गेलो. वाटेत १९२६ सालचे विल्सन धरण लागते. वरचा तलाव अकोले तालुक्यात, कड्याच्या अगदी कडेला. खालचा तलाव शहापूर तालुक्यात, चोंढ्याजवळ, सुमारे ४०० मीटर खाली. मध्ये डोंगराच्या पोटात वीजघर, १२५ मेगावॉटची दोन यंत्रे, २००८ पासून चालू. म्हणजे १९४७ च्या अख्ख्या देशाच्या विजेचा जवळजवळ पाचवा हिस्सा एका डोंगरात! वीजघरात जायला आधी परवानगी काढावी लागते, ती आमची निघाली नाही, म्हणून पोरे हिरमुसली. पण तलाव पाहिला. काठावर ओल्या चिखलाचा पट्टा दिसत होता, जणू तळे एक पायरी खाली उतरून बसले आहे. सकाळी पाणी तिथपर्यंत होते, काका म्हणाले, उद्या सकाळी पुन्हा असेल. कड्यावरून खाली कोकण दिसते. एका आजींनी वाकून पाहिले आणि एवढ्या खालून पाणी वर येते यावर त्यांचा विश्वास बसला नाही तो नाहीच.

तिथे भाकरी खाताना बोलणे निघाले ते जमिनीचे. आपल्याकडे हतनूर धरण १९८२ साली झाले, त्याच्या ४१ दरवाज्यांचा फोटो पावसाळ्यात दर वर्षी पेपरात येतो. त्याच्या फुगवट्यात गावे उठली. ज्याच्या नावावर जमीन त्याला मोबदला, हा तेव्हा लागू असलेल्या १८९४ च्या कायद्याचा हिशोब. पण जो दुसऱ्याच्या शेतात राबत होता, नदीच्या पात्रात खरबूज-काकड्या लावत होता, त्याचे काय बुडाले? कागदावर काहीच नाही. आमच्यातल्या दोन घरांनी हे भोगले आहे. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत हेलपाटे घालून त्यांचे वडील थकले आणि शेवटी वीटभट्टीवर गेले. भूमिहीन मजुरालाही बाधित म्हणून मोजणारा कायदा यायला २०१३ साल उजाडावे लागले. सरदार सरोवरातही तेच. आपल्याच खानदेशातली, अक्राणी-अक्कलकुव्याकडची ३३ आदिवासी गावे त्यात गेली. त्या धरणाच्या नदीपात्रातल्या १२०० मेगावॉटच्या केंद्रातली यंत्रेही उलटसुलट फिरणारी आहेत, आणि तिथल्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. वाटा महाराष्ट्राला मिळाला, त्या गावांच्या वाट्याला काय आले ते वेगळे विचारायला हवे.

म्हणून तिथे बसल्या बसल्या वाद झाला, बरं का. तरुण मंडळींपैकी एक जण म्हणाला की धरणे आणणाऱ्यांच्या नावाने आपण टाळ्या कशाला वाजवायच्या, बुडतात ती आपलीच माणसे. दुसरा म्हणाला, वीज नसती तर तू आज आयटीआय करून मोटार वाइंडिंगचे दुकान टाकले नसते, बापाबरोबर केळीचे घड वाहत असतास. आमचे मत दोघांच्याही बाजूने थोडे थोडे आहे. बाबासाहेबांना वीज हवी होती ती बिनजमिनीच्या माणसाला जमिनीच्या मालकापासून मोकळे करण्यासाठी. धरण बांधणाऱ्यांनी वीज घेतली आणि तो माणूस हिशोबातून गाळला, तर ती चूक त्या निबंधाची नाही. २०२३ साली आपल्या राज्याने उदंचन प्रकल्पांसाठी नवे धोरण आणले आहे, सह्याद्रीत असे आणखी तलाव होतील. तिथल्या ठाकर-कातकऱ्यांचे, महादेव कोळ्यांचे नाव पहिल्या यादीत आहे की नाही, हे आपल्या कार्यकर्त्यांनी विचारत राहिले पाहिजे. पोरांना सांगितले, अभ्यास करा, त्या खात्यात अभियंते व्हा, मग यादी तुमच्याच टेबलावर येईल. एका मुलीने लगेच विचारले की त्यासाठी कोणती परीक्षा असते. काकांनी वहीत लिहून दिले.

परतीची गाडी रात्रीची होती. चाळीसगावला गाडी थांबली तेव्हा बहुतेक जण पेंगत होते. दोन-तीन पोरे खाली उतरली, फलाटावरच्या नळावर सगळ्यांच्या बाटल्या भरून आली. भुसावळला उतरून जीपने मुक्ताईनगरला पोचेस्तोवर पहाट झाली होती. वस्तीत लाईट गेलेली. निघायच्या आधी काकांनी विहाराची टाकी भरून ठेवली होती, त्यामुळे हातपाय धुऊन सगळे आपापल्या घरी गेले.